कोऱ्या बाटलीतलं जस्त

३ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीस,

वीस वर्षांत तुला या नावाने कधी हाक मारली नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू शेजारच्या टेबलावर परीक्षानळ्या उंचीप्रमाणे लावत बसली होतीस, तेव्हापासून तू मुंगी आणि मी तोफ. माझ्या भावाशी लग्न केलंस तरी मुंगीच. पण आज जे विचारायचं आहे ते मुंगीला विचारवत नाही, म्हणून वहिनी.

कोऱ्या बाटलीत जस्त कसं आलं?

चौकशी समितीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे पाठीमागे काही बोलले असं तुला म्हणता येणार नाही. मी सांगितलं की आम्ही मागच्या कुंपणाच्या झाडांची पानं उकळतो, गाळतो, त्या अर्कात जस्ताचा क्षार घालतो. जे काम इतर ठिकाणी विषारी रसायनं करतात, ते आमच्याकडे पान करतं. जस्ताच्या ऑक्साइडचे इतके बारीक पांढरे कण होतात की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. त्या कणांवर औषध बसवायचं. कर्करोगाच्या गाठीच्या आतली जागा आंबट असते, तिथेच कण विरघळतात आणि औषध सुटतं. निरोगी पेशीजवळून ते मुकाट्याने निघून जातात. निदान जायला हवेत. प्रत्येक खेपेबरोबर आम्ही एक बाटली कोरी ठेवतो, म्हणजे नुसता अर्क, जस्त शून्य. ती आमची साक्षीदार.

आणि मग सांगितलं की नववी खेप ज्या रुग्णालयाकडे गेली, तिथे मूत्रपिंडाच्या निरोगी पेशी बशीतल्या बशीत मेल्या. त्यांनी साक्षीदार बाटलीतला नमुना मागवून तपासला. तिच्यात जस्त निघालं. बाटलीच्या चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं, असं समितीने विचारलं. मी सांगितलं. खोटं बोलायचं होतं का?

तू दादाला आणि पोरीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेलीस त्याला अकरा दिवस झाले. निर्दोष माणूस असा निघून जातो का? जाण्याच्या महिनाभर आधीच तू तिकडच्या संस्थेत अर्ज केला होतास, हे मला परक्या माणसाकडून कळलं. एका रविवारी तू वजनखोलीची किल्ली मागून घेतलीस. सुट्टीच्या दिवशी कसलं वजन करत होतीस? आणि तुझ्या वहीचं सत्तेचाळिसावं पान फाटलेलं आहे. आपल्या प्रयोगशाळेत चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारतात, खाली सही करतात, पण पान फाडत नाहीत. हा नियम मी केला आणि सगळ्यांत जास्त तू पाळलास. मग त्या पानावर असं काय होतं?

दादाला फोन केला की तो "ती कामात आहे" म्हणतो आणि ठेवून देतो. माझा सख्खा भाऊ माझ्याशी एखाद्या कचेरीतल्या कारकुनासारखा बोलतो!

उत्तर दे.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीस,

उत्तर नाही. ठीक आहे. गप्प बसण्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात, मीही लावते आहे.

सुनावणी सव्वीस तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेदहाला आहे. बाटलीत भेसळ झाली असं ठरलं तर तुला पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत उभं राहता येणार नाही. त्यांनी मला विचारलं, "हा निष्काळजीपणा असू शकतो का?" मी म्हणाले, "निष्काळजीपणा ती करूच शकत नाही." बघ, तुझी स्तुतीच तुझ्यावर उलटली. निष्काळजीपणा नाही तर मग उरलं काय? बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण शब्द परत घेतले नाहीत. का घेतले नाहीत, ते मला विचारू नकोस.

आज भांडी धुणाऱ्या मावशींनी मला दारात अडवलं. हातात बादली. "बाई, हे धुण्याचं पाणी कुंपणाला घालू की मोरीत?"

"कुंपणाला. नेहमीसारखं. आज कशाला विचारताय?"

"मुंगीबाई म्हणाल्या होत्या, दर खेपेला विचारत जा म्हणून."

"आणि तुम्ही विचारत नव्हता?"

"तुम्हाला विचारायचं म्हणजे तुमचं बोलणं संपेस्तोवर बादली धरून उभं राहायचं. हात भरून येतात हो."

मावशींनाही तूच फितवलं आहेस. माझ्या पाठीमागे माझ्याच माणसांना काय विचारायचं ते शिकवून ठेवलंस! धुण्याचं पाणी हे माझ्या कामाचं हृदय आहे, हे तुला माहीत आहे. त्याच पाण्याची बाटली घेऊन मी किती सभागृहांत उभी राहिले! टेबलावर त्याच झाडाची कुंडी ठेवायची, कण गाळून उरलेलं पाणी सगळ्यांसमोर कुंडीत ओतायचं आणि म्हणायचं, "कारखाने आपलं पाणी लपवून नदीत सोडतात. आम्ही आमचं पाणी आमच्या झाडाला पाजतो. आमच्या कामातून विष निघत नाही!" टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांवर प्रयोगशाळा चालली. तू पहिल्या रांगेत असायचीस आणि टाळ्या वाजवायची नाहीस. तेव्हा वाटायचं की कुणीतरी पिशव्या सांभाळायला हवं, तुझे हात रिकामे नसतात. आता वाटतं की तेव्हापासूनच तुझ्या मनात काहीतरी होतं.

पाण्याबद्दल शंका होती, तर मला बोलायचं होतंस. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस.

आई जेवताना म्हणाली, "सगळ्या जगाच्या अन्यायावर बोलतेस, आणि घरातल्या माणसाचं ऐकून तरी घेतलंस का?" तिला यातलं काही कळत नाही.

तुझी नणंद


१४ फेब्रुवारी, शनिवार

वहिनीस,

तुझं पाकीट मिळालं. पाकिटात पत्र नाही. दोन छोट्या पुड्या, दोन्हींत आपल्याच झाडाची वाळलेली पानं. एकीवर "मागचं कुंपण", दुसरीवर "टेकडीचा रस्ता". तारखा, तोडल्याची वेळ, पानं किती, सगळं तुझ्या त्या सरळ, उभ्या अक्षरात. माणसाला एक ओळ लिहायची नाही, आणि पानांना मात्र पत्ते द्यायचे.

यातून तुला काय म्हणायचं आहे, ते मला कळतं. मी मूर्ख नाही. पण मी भाबडीही नाही. एखाद्या पानावर जस्ताची चिमूटभर पूड भुरभुरवून ते पाकिटात घालायला कितीसा वेळ लागतो? सुनावणीला बारा दिवस उरलेले असताना आरोपीकडून असा पुरावा आला, तर तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

मी काय केलं ते सांगते. दोन्ही पुड्यांतली पानं तीन पाण्यांतून धुतली, म्हणजे वरून काही शिंपडलं असेल तर निघून जावं. वाळवली, जाळली, राख आम्लात विरघळवली आणि पलीकडच्या इमारतीतल्या यंत्रावर तपासायला दिली. नमुन्यांवर ना तुझं नाव, ना माझं. नुसती अक्षरं टाकली, क आणि ख. यंत्रवाल्या बुवांनी विचारलं, "बाई, एवढं गुपित कसलं? लग्नाच्या पत्रिका जुळवताय का?" मी हसले नाही.

तू मला जाळ्यात ओढते आहेस की जाळ्यातून बाहेर काढते आहेस, हे मला कळत नाही. दोन्हींसाठी धागा सारखाच लागतो.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगे,

हे नाव आपोआप लिहिलं गेलं. खोडत नाही.

टेकडीच्या पानात जेवढं जस्त, त्याच्या चाळीसपट कुंपणाच्या पानात आहे. तीन पाण्यांतून धुतल्यावर, म्हणजे ते पानावर नव्हतं, पानाच्या आत होतं.

तरीही माझा विश्वास बसला नाही. तू अख्खी फांदी जस्ताच्या पाण्यात उभी करून ठेवली असशील, असं मला वाटलं. हसू नकोस. संशय एकदा घरात शिरला की खुर्ची ओढून बसतो आणि चहा मागतो. म्हणून मी स्वतः मागच्या कुंपणाची पानं तोडली आणि टेकडीपर्यंत चालत जाऊन तिथलीही तोडली. कुणाला हात लावू दिला नाही. आकडा तोच.

मग शीतकपाट उघडलं. खालच्या फळीवर तू पहिल्या खेपेपासूनच्या सगळ्या कोऱ्या बाटल्या ठेवल्या आहेस हे मी विसरले होते. "कशाला जागा अडवतेस, ओतून टाक," असं मी तुला किती वेळा म्हटलं असेल! नऊ बाटल्या ओळीने उभ्या, कुणाची चिठ्ठी तिरकीही नाही. नऊच्या नऊ तपासल्या. पहिलीत जस्त जवळजवळ नाही. दुसरीत किंचित. मग जिन्याच्या पायऱ्या चढाव्या तसा आकडा चढत गेला आहे. कुंपणाला पाणी घालायला आपण पहिल्या खेपेनंतरच सुरुवात केली होती.

समज तू भेसळ करत होतीस. मग नऊ महिने, दर महिन्याला, मोजून थोडं थोडं जास्त, आणि कुंपणातही नेमकं त्याच मापाने? मी तेही मानून पाहिलं. एक दुपारभर मानून पाहिलं. मग माझीच मला लाज वाटली.

आपण धुण्याचं पाणी कुंपणाला पाजलं. कुंपणाने त्यातलं जस्त पानांत साठवलं. तीच पानं तोडून आपण उकळली आणि त्या अर्कात आणखी जस्त घातलं. हे आधीचं जस्त आपल्या मोजमापात कुठेच नव्हतं. ते कणात नीट बसलं नाही, कणांच्या अंगाला चिकटून गेलं आणि आंबट जागेची वाट न बघता निरोगी पेशीतच सुटलं. साक्षीदार बाटली खोटं बोलत नव्हती. तिची साक्ष काढणारी मी होते, आणि मी आधीच निकाल लिहून ठेवला होता.

राहिली कुंडी. माझी सभागृहातली कुंडी. तिच्यात ते पाणी मी स्वतः ओतत होते, इतक्या लोकांसमोर. तिची चार पानं तोडली.

सत्तरपट.

दादाला फोन केला. या वेळी त्याने ठेवला नाही. मी विचारलं, "त्या रविवारी ती वजनखोलीत काय करत होती?"

"पानं तोलत होती. टेकडीवरची आणि कुंपणाची. पण यंत्रावर घालायला तुझी सही लागते, म्हणून तसंच राहिलं."

"मग मला विचारायचं ना!"

"अगं, तुला काही विचारलं की उत्तर मिळत नाही. भाषण मिळतं."

"आणि तिकडचा अर्ज?"

"बदली माझी झाली. मी तुला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू कुठल्यातरी व्यासपीठावर निघाली होतीस."

तरी एक गोष्ट उरते, आणि ती मला टोचते आहे. तू मला प्रत्यक्ष का नाही बोललीस? आणि ते सत्तेचाळिसावं पान का फाडलंस?

तोफ


२१ फेब्रुवारी, शनिवार

मुंगे,

पान सापडलं.

समितीपुढे काय बोलायचं ते लिहायला बसले होते. सवयीने जुन्या भाषणांची फाईल काढली. तुला माहीत आहे, नव्या भाषणाची सुरुवात मी जुन्यातून चोरते. सगळ्यात गाजलेल्या भाषणाचे मुद्दे एका रेघी कागदावर होते, वरच्या कोपऱ्यात छापलेला आकडा सत्तेचाळीस.

सगळं डोळ्यांसमोर आलं. गाडी दारात उभी होती. माझ्याकडे कागद नव्हता. तुझी वही टेबलावर उघडी होती. मी पान ओढलं. फाडताना जो आवाज झाला त्यावर तू "अगं!" म्हणालीस, आणि मी म्हणाले, "एक पान गं, काय मरतेस का!" गाडीत बसल्या बसल्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहून काढले. पुढची बाजू मी तेव्हा वाचली नाही. आज वाचली. जशीच्या तशी उतरवते, म्हणजे माझ्या हातालाही ती एकदा लिहावी लागेल:

"धुण्याचं पाणी कुंपणाला घालू नये. कण गाळल्यावरही पाण्यात जस्त उरतं. झाड ते पानांत घेईल आणि पानं आपणच उकळतो. यापुढे पानं टेकडीवरची घ्यावीत, निदान दोन्ही तपासून पाहावीत. तोफेशी बोलले. ती म्हणाली, घाबरट माणसांनी विज्ञान करू नये. उद्या पुन्हा बोलेन."

आणि मागच्या बाजूला, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं: "आमच्या कामातून विष निघत नाही."

एकाच कागदाच्या दोन बाजू. मी एक हातात धरून लोकांसमोर वाचत होते, आणि दुसरी त्यांच्याकडे तोंड करून होती. पहिल्या रांगेतून ती तुला दिसत असेल, नाही?

नऊ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. ते खरं नव्हतं. "घाबरट माणसांनी विज्ञान करू नये" हे वाक्य मला तेव्हाही आठवत होतं. मला ते आवडलं होतं. पुढच्या एका भाषणात मी ते वापरलंही. फक्त ते कुणाला उद्देशून होतं, एवढंच मी सोयीने विसरले. समितीपुढे शब्द परत का घेतले नाहीत, ते विचारू नकोस असंही लिहिलं होतं. सांगते. भेसळ तुझी ठरली असती तर माझी पद्धत वाचत होती. तू किंवा पद्धत, असं कुणी मला विचारलं नव्हतं. मीच मनात विचारलं आणि मीच उत्तर दिलं.

मावशींना आजपासून सांगितलं आहे की पाणी कुंपणाला नाही, मोरीतही नाही, झाकणाच्या पिंपात भरून ठेवायचं. त्या म्हणाल्या, "मग मुंगीबाई बरोबर होत्या तर?"

"होत्या."

"एवढंच?" म्हणाल्या. "आज लवकर आटपलं तुमचं."

गुरुवारी ये किंवा येऊ नकोस. मी बोलणार आहे.

तोफ


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुंगे,

तू खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. म्हणजे काय काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते. तुला दिसलं नसेल असं थोडं आहे.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमचं निवेदन लेखी आहे?" माझ्या पिशवीत अकरा पानांचं निवेदन होतं. पाण्याची परंपरा, कारखान्यांचा दंभ, शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा. शेवटी चूक कबूल केली होती, पण अशी सजवून की ऐकणाऱ्याने माझंच कौतुक करावं. मी ते बाहेर काढलंच नाही. टेबलावर कुंडी ठेवली आणि शेजारी ते एक पान. बाईंनी पुढची बाजू मनातल्या मनात वाचली. मग पान उलटलं आणि मागची बाजू मोठ्याने वाचली, सपाट आवाजात, बाजाराची यादी वाचावी तशी. माझं वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. टाळ्यांशिवाय ते किती केविलवाणं लागतं!

"कुंपणाला पाणी घालायला कुणी सांगितलं?"

"मी."

"घालू नका असं कुणी सांगितलं?"

"तिने."

"आणि वहीचं पान कुणी फाडलं?"

"मी."

इतकी छोटी उत्तरं मी आयुष्यात दिली नव्हती. बाईंच्या शेजारचे गृहस्थ मला ओळखत असावेत, ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं.

निर्णय तू ऐकलास. तुझ्यावरचा आरोप रद्द. नऊही खेपा परत मागवायच्या, कुंपण मुळासकट उपटायचं, आणि प्रयोगशाळेचं प्रमुखपद मी सोडायचं. सगळं योग्य आहे. जिभेच्या टोकावर एक टोमणा आला होता, गिळला. तुला कळलं असेल, कारण त्या एका क्षणीच तू माझ्याकडे पाहिलंस.

बाहेर तू दादाच्या पुढे चालत होतीस. मी कुंडी छातीशी धरून मागे. मला वाटलं तू थांबणार नाहीस. तू थांबलीस, पण माझ्यासाठी नाही. कुंडीतल्या मातीत बोट घातलंस, ते बोट चोळून पाहिलंस आणि म्हणालीस, "वाळलंय की गं. पाणी घाल." मग दोन पावलं गेल्यावर, मान न वळवता, "साधं."

वहिनी म्हणून नाही, मैत्रीण म्हणूनही नाही. वाळलेलं झाड बघून कुणीही म्हणेल तसं. या एवढ्याशा शब्दांत काही दडलंय का, हे मी काल दिवसभर उलटून पालटून पाहिलं. मग ठरवलं की तुझ्या शब्दांवर संशय घेणं आता पुरे.

आज सकाळी नळाखाली बाटली धरली. भरली. आणि हात थांबला. साधं म्हणजे नेमकं काय, हे मला कुठे माहीत आहे? बाटलीवर चिठ्ठी लावली, तारीख घातली, वेळ घातली, तुझ्यासारखं उभं अक्षर काढायचा प्रयत्न केला. चिठ्ठी तिरकी लागली. यंत्रवाल्या बुवांकडे दिली, या वेळी नमुन्यावर माझं नाव घातलं. उत्तर सोमवारी येईल. कुंडी तोवर टिकेल, असं मावशी म्हणतात. तोवर थांबते.

आकडा आला की आधी तुला कळवीन. तू सांगितलंस तर ओतीन.

तोफ